पाठमोरी हजेरी

आमच्या सरांनी वर्गाकडे तोंड करून हजेरी कधी घेतली नाही. वर्गात शिरले की डस्टर उचलायचे, फळ्याकडे वळायचे आणि आदल्या तासाचं कुणीतरी लिहून ठेवलेलं पुसत पुसत एकेकाचं नाव घ्यायचे. हजेरीपट टेबलावर मिटलेला असायचा, कारण नावं पाठ होती. मागून 'हजर सर' असा आवाज आला की पुढचं नाव. मधेच डस्टर थांबायचं.

"ही प्रॉक्सी कोण मारतंय? शेवटच्या बाकावरचा, सर्दी झालेला. तूच व्हय. बस खाली. दोघंबी गैरहजर."

प्रॉक्सी मारणं हा आमच्या कॉलेजातला जुना आणि मानाचा खेळ होता. बाकीच्या प्राध्यापकांच्या तासाला निम्मा वर्ग कॅन्टीनमध्ये बसून हजर राहायचा. सरांच्या तासाला मात्र कुणाची डाळ शिजली नाही. पोरांनी तोंडावर रुमाल धरून पाहिला, बाकाखाली वाकून पाहिलं. एका बहाद्दराने तर मित्राचा आवाज मोबाईलमध्ये भरून आणला आणि नाव आल्याबरोबर वाजवला. सर न वळता म्हणाले, "ह्याला म्हणावं, उद्या देह घेऊन ये."

माझं बिंग तर त्यांनी पहिल्याच महिन्यात फोडलं होतं. "तू हजर म्हणायच्या आधी दम घेतीस. विहिरीत उडी मारायची असल्यावानी. कशाला भितीस? हजर तर हायेस की." सगळा वर्ग हसला. मी रडकुंडीला आले. नंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, की आपण श्वास कसा घेतो हे कुणाला तरी ठाऊक असणं ही केवढी श्रीमंती असते.

सर पिशोरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं घाटाखाली चरायला जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. सरांचं बालपण त्या वाटेवर गेलं. सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक झाले, नावापुढे डॉक्टर लागलं, तरी बोलणं पिशोरचंच राहिलं. वर्गात गोंगाट झाला की ते मेंढरांना हाकतात तसा जिभेने एक आवाज काढायचे. आम्ही गप्प व्हायचो, आणि गप्प झालो याची नंतर आम्हालाच लाज वाटायची. प्रयोगशाळेत पेशी वाढवायची ऊबपेटी होती, तिच्याजवळ ते कुणाला मोठ्याने बोलू देत नसत. म्हणायचे, "चरू द्या त्यांना."

एक शब्द त्यांना चालत नसे, तो म्हणजे लढाई. शरीराच्या प्रतिकारशक्तीवर उत्तर लिहिताना कुणी 'पांढऱ्या पेशींचे सैन्य शत्रूवर हल्ला करते' असं लिहिलं की पेपर परत. "सैन्य कुठलं आलं? ही राखण हाय. राखणदाराचं सगळं आयुष्य बघण्यात जातं, कोण आपलं न् कोण परकं. लढाई लई झाली तर घटकाभर." पाठ्यपुस्तकात सैन्यच लिहिलेलं होतं. सर म्हणायचे, पुस्तक लिहिणाऱ्याने कधी मेंढरं राखली नसतील.

दरवर्षी एका तासाला ते आम्हाला एक चित्रफीत दाखवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली, आवाज नसलेली. त्यात एक जागी झालेली राखणदार पेशी ब्लड कॅन्सरच्या पेशींमध्ये सोडलेली असायची. ती एकेका पेशीला जाऊन भिडते, अंग घासते, सोडते, पुढे जाते. आणि मग एका पेशीपाशी थांबते. चिकटते. थोड्या वेळाने ती कॅन्सरची पेशी फुगते, अंगभर बुडबुडे येतात आणि फुटून पडते. राखणदार पेशी सुटते आणि पुढच्या पेशीला चाचपायला लागते.

सर ही चित्रफीत दोनदा दाखवायचे. दुसऱ्यांदा बोलायचे. "पेशीला डोळे नसतात. माझी आई अंधारात कोकरू हातात घेती, कान चाचपती आन् सांगती हे कुणाचं. तसंच हे. दुसऱ्याच्या अंगावर काय काय उगवलंय ते हिला चाचपून कळतं. वळख पटली की ती त्याच्या अंगाला भोक पाडती आन् आत निरोप सोडती, की बाबा, आता तू मर. मरायचं काम त्याचं तोच करतो."

मग एखादी हुशार मुलगी विचारायचीच, की असं असेल तर माणसाला ब्लड कॅन्सर होतोच कसा. सर या प्रश्नाची वाट बघत असायचे.

"मेंढरांच्या वाड्यावरचं कुत्रं कळपातच वाढवत्यात. जे पिल्लू आपल्याच मेंढराला चावतं ते ठेवत नाय. राहिलेलं कुत्रं शहाणं. घरच्याला चावत नाय. आन् ही कॅन्सरची पेशी घरचीच की. आपल्याच हाडांच्या मगजात जन्मलेली, तिथंच नासलेली. तिला बघून कुत्रं शेपूट हलवतं."

"मग काय करायचं, सर?"

"कुत्रं बाहेर न्यायचं. नासल्या मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा असतो, तो त्याला शिकवायचा. शिकवून झालं की परत आणून सोडायचं."

आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. मुंबईत हा उपचार सुरू झाला आहे, असं ते सांगायचे, आणि मुंबई आम्हाला लांब वाटायची.

शिक्षण झाल्यावर मी त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. प्रथम वर्षाला रक्ताचं प्रात्यक्षिक असतं. सर दरवर्षी स्वतःच्याच बोटाला सुई टोचायचे, काचेवर थेंब पसरायचे, रंगवायचे आणि पोरांना दाखवायच्या आधी स्वतः बघायचे. त्या वर्षी त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाजूला सरकून मला म्हणाले, "ये. बघ."

मी बघितलं. तांबड्या पेशी विरळ झालेल्या, आणि मधे मोठ्या, जांभळ्या, एकाच साच्यातल्या पेशींची नुसती जत्रा. मला वाटलं त्यांनी शिकवण्यासाठी कुठून तरी रुग्णाची काच आणली आहे. मी विचारलं, "सर, कुणाची?"

"माझीच की," ते म्हणाले. मग पोरांकडे वळून, "आजचा तास इथंच संपला. काचा धुऊन ठेवा."

पोरांनी काचा धुतल्या. मी हातातली काच तशीच धरून उभी होते.

पुढचं वर्ष औषधांत गेलं. केस गेले, तोंड आलं, आजार हटला आणि लगेच परत आला. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. पिशोरहून त्यांची आई आली आणि आम्ही जुने विद्यार्थी पाळीपाळीने तिच्याबरोबर थांबू लागलो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "सर, लढा! तुम्ही फायटर आहात." सर डोळे मिटून घ्यायचे. माणूस गेल्यावर म्हणायचे, "मी पलंगावर पडलोय. लढतंय कोण?"

आणि मग ते वहीत उतरवून घेतलेलं खरंच समोर आलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या पेशी काढून मुंबईला पाठवू, शिकवून परत आणू, आता दुसरा मार्ग नाही. सरांना एका यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त जायचं, यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायचं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. सर त्या यंत्राकडे कौतुकाने बघत होते. आईने विचारलं, "किती दिस लागत्याल?"

"मेंढरं घाटाखाली गेल्यात असं समज," सर म्हणाले. "चरून, शिकून येत्याल."

म्हातारीला एवढं पुरलं. तिने आयुष्यभर गेलेल्या मेंढरांची वाटच बघितली होती. माझ्याच्याने बघवत नव्हती. पेशी तिकडे जगतील का, वाढतील का, तोवर सर टिकतील का, हे तीन प्रश्न मी सकाळ-संध्याकाळ चघळत बसायचे.

पेशी आल्या त्या दिवशीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. म्हातारीने पिशोरहून येताना देवाचा भंडारा आणला होता, हळदीची पुडी. तो तिला सरांच्या कपाळाला लावायचा होता. सिस्टरने हात जोडून सांगितलं, "आजी, आत धूळ, पूड काही चालत नाही, त्यांना जंतू लागतील." म्हातारी पुडी आणि पाण्याचा तांब्या घेऊन रुग्णालयाच्या फाटकात जाऊन बसली. मला वाटलं रुसली.

चिकलठाण्याच्या विमानतळावरून गाडी आली. ड्रायव्हरने मागचं दार उघडून गोठवलेल्या पेशींचं पोलादी पिंप बाहेर काढलं, तर म्हातारी त्याच्यापुढे उभी.

"थांब. कळप भायेरून आलाय. तसाच आत नेत नसत्यात."

"अम्मा, हटो ना. दवा है इसमें, टाइम का मामला है."

"दवा कुठली? माझ्या पोराचं रगत हाय त्यात."

त्यांच्या घरची रीत अशी, की मेंढरं परतली की पुढच्या मेंढ्याच्या पायावर पाणी घालायचं आणि कपाळाला भंडारा लावायचा, मग कळप आत. इथे मेंढा नव्हता. म्हातारीने इकडेतिकडे बघितलं, गाडीच्या पुढच्या चाकावर पाणी ओतलं आणि पिंपाच्या झाकणाला भंडाऱ्याचं बोट लावलं. ड्रायव्हर मान खाली करून म्हणाला, "मेरे को भी लगा दो, अम्मा." आत नेण्याआधी सिस्टरने ते झाकण स्पिरिटने स्वच्छ पुसलं, पण म्हातारीचं काम झालं होतं. सरांना काचेआडून फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग पुढचा मेंढा कोण झाला?" मी म्हटलं, ड्रायव्हर. हसता हसता त्यांना ठसका लागला.

एवढ्या सगळ्या वाटचालीनंतर ती पिशवी चहाच्या कपात मावेल एवढी होती. पाच-दहा मिनिटांत सगळं अंगात गेलं.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पेशी कामाला लागल्या की ताप येईल आणि कदाचित माणूस भ्रमात जाईल. म्हणून रोज तेच प्रश्न विचारायचे. हे काय? पेन. हे काय? घड्याळ. शंभरातून दहा-दहा उलटे मोजा. आपण कोणत्या शहरात आहोत? शुद्ध होती तोवर सर शहराच्या प्रश्नावर म्हणायचे, "आधी ह्या शहराचं नवं नाव का जुनं, ते तुमचं नक्की करा, मग मला विचारा." डॉक्टर हसून बरोबरची खूण करायचे.

मग ताप चढला. एके दिवशी पेन दाखवल्यावर ते नुसते बघत राहिले. शहर सांगता आलं नाही. काचेपलीकडे आई उभी होती. सिस्टरने विचारलं, "ह्या कोण?" सरांनी नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली. माहीत नाही.

म्हातारीने काचेवरचा हात काढून घेतला. बाकावर जाऊन बसली. मी तिला पाणी आणायला खाली गेले. तेवढ्यात वर भलतंच सुरू झालं.

सर भिंतीकडे कुशीवर वळले आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. आमच्या तुकडीची, क्रमाने. सिस्टर घाबरली. चितेगावच्या एका कंपनीत नोकरीला असलेला आमचा एक वर्गमित्र आणि त्याची बायको, तीही आमच्याच वर्गातली, तिथे होते. सर एक नाव घेऊन गप्प व्हायचे, उत्तर आलं नाही की पुन्हा तेच घ्यायचे आणि कासावीस व्हायचे. वर्गमित्राने काचेजवळचा फोन उचलला आणि आपल्या नावाला "हजर सर" म्हणाला. सर शांत झाले. पुढचं नाव. तो मुलगा आता पुण्यात असतो. वर्गमित्राने आवाज बदलून हजर म्हटलं.

"प्रॉक्सी," सर भिंतीकडे बघत म्हणाले. "गैरहजर."

पुढे माझं नाव आलं. त्याच्या बायकोने फोन घेतला आणि अगदी माझ्यासारखा बारीक आवाज काढून म्हणाली, "हजर सर."

"ही ती नाय. ती आधी दम घेती."

मी बाटली घेऊन वर आले तर वर्गमित्र मला ओढत काचेपाशी घेऊन गेला. काय चाललंय ते मला कळायच्या आत सरांनी माझं नाव पुन्हा घेतलं. मी फोन कानाला लावला, श्वास घेतला आणि म्हणाले, "हजर."

"उशिरा आलीस," सर म्हणाले. "बस."

मी तिथेच फरशीवर बसले. डॉक्टर धावत आले होते, तेही हसत होते. डोळे पुसत म्हणाले, माणूस आत जागा आहे, काळजी करू नका. त्यांनी औषध दिलं आणि दोन-तीन दिवसांत भ्रम उतरला. पण त्या दिवशी बाकावर बसलेल्या म्हातारीचा चेहरा मी विसरू शकत नाही. ती एवढंच म्हणाली, "मला वळखंना, आन् तुझा दम वळखला."

सर शुद्धीवर आल्यावर त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. म्हातारीने आम्हा तिघांना बजावलं, "त्येनं मला वळखलं न्हवतं, हे त्येला कधी सांगायचं नाय. जीव खाईल सोताचा." आम्ही सांगितलं नाही.

पुढचे काही महिने मला एखाद्या सणासारखे आठवतात. हाडांचा मगज तपासला तर एक नासकी पेशी सापडेना. सर कॉलेजात परत आले, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. तोच पट्टा जंतूंपासून राखणाऱ्या काही चांगल्या पेशींच्या अंगावरही होता आणि कुत्र्याने त्याही सोडल्या नव्हत्या, त्यामुळे जरा कुठे हवा बदलली की आजारी पडायचे आणि सलाइन लावून यायचे. "कुत्र्याला न्याय कळत नाय, पट्टा कळतो," म्हणायचे. चित्रफीत आता तीनदा दाखवायचे. आणि हजेरी पाठमोरी. टोपीखाली नवे केस उगवत होते, पांढरे, मऊ, कोकराच्या लोकरीसारखे. मागून ते बघत बसणं हा माझा त्या दिवसांतला सगळ्यात मोठा आनंद होता. मला वाटलं, आता हे असंच चालणार.

दिवाळीनंतर आजार परत आला. तपासणीत कळलं की नव्याने उगवलेल्या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर ती शिकवलेली खूणच उरलेली नाही. दुसऱ्या दिवशी ते तासाला आले. नको म्हटलं तरी आले. खुर्चीत बसून पोरांना म्हणाले, "मेंढराची लोकर कातरली की गेरूचा पट्टा जातो. माझ्या मेंढरांची कातरणी झालीय."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने रडवेल्या आवाजात विचारलं, "म्हणजे सर, आपण हरलो?"

"हरायला ही काय मॅच हाय?" सर चिडले. मग आवाज उतरला. "कुत्रं जागंच हाय, पोरी. आत्ताबी हिंडतंय. एकेकाला चाचपतंय, सोडून देतंय. त्येला वळखू येईना. त्येचा काय दोष नाय."

त्या दिवशी हजेरी शेवटी घेतली. डस्टर उचललं नाही. वर्गाकडे तोंड करून, एकेकाकडे बघत, सावकाश नावं घेतली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, आज फळ्याकडे नाही?"

"आज बघून घ्यायचंय," सर म्हणाले.

उन्हाळा लागायच्या आधी ते गेले. मेंढरं अजून घाटाखालीच होती.

आता तो तास मी घेते. फळ्याकडे तोंड करते, पुसत पुसत नावं घेते. मागे बिनधास्त प्रॉक्सी चालते. मला ओळखू येत नाही आणि हे पोरांना कळलेलं आहे. चित्रफीत दाखवताना ती पेशी एकेकीला चाचपून सोडून देत पुढे जाते तिथे मी टेबलावरच्या वह्या आवरायला लागते. मला सरांची फार आठवण येते. चारचौघांत मी बोलायला तोंड उघडते, आधी नकळत श्वास घेते, आणि वाटतं, आता कुणीतरी न वळता म्हणेल, आलीस व्हय. कुणी म्हणत नाही.

मागच्या महिन्यात पिशोरला गेले होते. म्हातारीने आता मोजकीच मेंढरं ठेवली आहेत. उन्हं कलली होती, ती वाड्याच्या जाळीपाशी एक कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "तो हजेरी कशी घ्यायचा गं? दावाखान्यात आयकली, पर तवा माझं ध्यान नव्हतं. घेऊन दाव की."

मी उठले, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड केलं. हातात डस्टर नव्हतं म्हणून पदराने भिंत पुसायला लागले. आधी कुणाचं नाव घ्यावं सुचेना, म्हणून तिचंच घेतलं.

मागून लाजत, हसत, "हजर."

"आता त्येचं घे," म्हातारी म्हणाली.

मी भिंत पुसत राहिले. श्वास घेतला. आणि सरांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, हजेरीत घेतात तसं.

जाळीतली मेंढरं हलली. मागून आवाज आला, "हजर."

आवाज कुणाचा, हे पाठमोरं उभं राहूनही मला कळत होतं. सरांनी उभ्या आयुष्यात एक प्रॉक्सी जाऊ दिली नव्हती. ही मी जाऊ दिली.